अदीबा खालाच्या मरणाचं परमिट

वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या टाईप-टू क्वार्टरांत कादंबरीकार एकच होता, आणि त्याची कादंबरी पुरी व्हायची होती. एवढी बारीकशी गोष्ट सोडली तर मुश्ताक शेख यांच्यात कादंबरीकाराचं सगळं होतं. नाकावर घसरणारा चष्मा होता, शर्टाच्या खिशात दोन पेन्सिली होत्या, भाजीत मीठ नाही हे जेवण झाल्यावरही न कळणारं ध्यान होतं, आणि मुख्य म्हणजे ब्लॉग होता.

मुलगी आफ्रीन नागपूरला नोकरीला. २००६ च्या दिवाळीत ती सुट्टीवर आली, तेव्हा तिनं बापाला मराठी टाईप करायला शिकवलं आणि ब्लॉग उघडून दिला. पोरीला वाटलं, अब्बा रिकाम्या वेळात दोन ओळी खरडतील. अब्बांनी चौदा महिन्यांत त्रेसष्ट लेख लिहिले. ब्लॉगचं नाव ‘कादंबरीची हत्यारं’. कादंबरी कशी लिहावी, अडली तर काय करावं, पात्रांना नावं कुठून आणावीत (मतदार यादीतून), पेन्सिल कोणती घ्यावी आणि ती कानावर ठेवावी की खिशात, यावर मुश्ताकभाई असं काही लिहीत की वाचणाऱ्याला वाटावं, या माणसाच्या नावावर वीसेक कादंबऱ्या तरी असतील.

मुश्ताकभाई होते वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये. बावीस वर्षं दर तासाला काट्यांकडे बघायचं आणि लॉगशीटवर आकडे लिहायचे. तापमान इतकं, दाब इतका, शेरा काही नाही. तीच रीत त्यांनी साहित्यात आणली. ‘प्रत्येक प्रसंगाची लॉगशीट करा,’ असं ते लिहीत. ‘वेळ लिहा, जागा लिहा, हजर कोण ते लिहा. शेऱ्याचा रकाना मात्र कोरा ठेवा. तो वाचकाचा आहे.’ आता हे बोलणं अगदीच टाकाऊ नाही, हे कबूल करावं लागेल. पण दुसरं हत्यार होतं कुकरचं. ‘कुकर लावून लिहायला बसा, तीन शिट्ट्या होईस्तोवर उठू नका.’ यावर नांदेडच्या एका बाईंनी कळवलं की प्रकरण छान झालं, पण मी शिट्ट्या मोजायचं विसरले आणि डाळ करपली. मुश्ताकभाईंनी उत्तर दिलं, ‘अभिनंदन.’

कादंबरीचं नाव ‘मोहर्लीची शेवटची गाडी’. चंद्रपूरहून मोहर्लीला जाणारी एस.टी. ऊर्जानगरवरूनच पुढे जंगलात शिरते, आणि कंपनीच्या बसची वाट पाहताना मुश्ताकभाईंनी ती हजारदा पाहिलेली. त्या गाडीचा ड्रायव्हर हा नायक. सज्जन, देखणा, आणि कुठलाही निर्णय घ्यायचा म्हटलं की चहा प्यायला जाणारा. त्याच गाडीत रोज चढणारी एक बांगड्या विकणारी बाई होती, अदीबा खाला, म्हणजे मावशी. ती आधी नुसती गर्दीत बसवायला आणली होती. पण तिसऱ्या प्रकरणात सुटलेल्या गाडीच्या पत्र्यावर तिनं तळहातानं धाड धाड थापा मारल्या आणि ओरडली, “थांब ना बावा! माहे पाय हायेत, चाकं नोहे!” गाडी थांबली, खाला चढली, ती पुन्हा काही उतरली नाही.

दर रविवारी सकाळी मुश्ताकभाई गॅलरीत खुर्च्या मांडून नवं प्रकरण वाचून दाखवत. चहा सुलताना भाभींचा, म्हणून गर्दी बरी व्हायची. तिसरं प्रकरण झालं तेव्हा समोरच्या क्वार्टरातल्या अन्नपूर्णाबाईंनी चहाचा कप तोंडाशी नेला तो तसाच धरला आणि सुलतानाकडे पाहिलं. सुलताना बिस्किटं वाटत होती. ऊर्जानगरात असा एकही माणूस नव्हता, ज्यानं तिला कंपनीच्या बसच्या पत्र्यावर थापा मारताना पाहिलं नव्हतं. वाक्यसुद्धा तेच. वीस वर्षांचं जुनं.

“मुश्ताकभाऊ, हे खालाचं बोलनं तुमाले कुठी सुचलं गा?” अन्नपूर्णाबाईंच्या यजमानांनी, श्रावणभाऊंनी विचारलं.

“फर्स्ट शिफ्टले,” मुश्ताकभाई म्हणाले. “एकदम सुचलं. अशी वाक्यं वरून येतात, श्रावणभाऊ. आपन फक्त उतरवून घ्याची.”

सगळ्यांनी मान हलवली.  फुकटचा करमणुकीचा कार्यक्रम बंद पाडायचा नसतो, एवढी अक्कल त्या बिल्डिंगला होती.

आता परमिटाचं. वीज केंद्रात कुठल्याही यंत्राला हात लावायचा तर आधी परमिट घ्यावं लागतं. यंत्र कोणतं, काम काय, करणार कोण, सगळं लिहून सही. मग त्या यंत्राच्या स्विचवर लाल टॅग लागतो, ‘माणसे काम करीत आहेत, सुरू करू नये.’ काम संपल्यावर ज्यानं टॅग लावला त्यानंच तो काढायचा. दुसऱ्यानं नाही, साहेबानं नाही. कारण आत कोणाचा तरी हात असू शकतो. हा नियम तिथल्या माणसांच्या हाडात मुरलेला. कोणी घरचा पंखा पुसायला स्टुलावर चढला तरी बटनापाशी बायकोला उभं करून चढतो.

मुश्ताकभाईंनी ही पद्धत कादंबरीला लावली. पात्राचं लग्न, गाव सोडणं, मरण, असं मोठं काम काढायचं तर परमिट घ्यायचं. जुन्या लॉगशीटच्या पाठीवर पट्टीनं रकाने आखून त्यांनी फॉर्म केले. आणि काम करणाऱ्यानं स्वतःलाच परमिट द्यायचं नसतं, म्हणून मंजुरीची सही सुलतानाची. यावरचा लेख ब्लॉगवर सगळ्यात जास्त वाचला गेला. पुण्याच्या एका गृहस्थांनी तर लिहिलं, ‘माझ्या पत्नीने माझे तिन्ही खून नामंजूर केले. आता कादंबरी कौटुंबिक झाली आहे.’

असं सगळं हसत-खेळत चाललं होतं. तेवढ्यात २००८ च्या जानेवारीत नागपूरच्या एका प्रकाशकाचा मेल आला. ‘तुमचा ब्लॉग आवडीनं वाचतो. इतका सल्ला देणाऱ्याची स्वतःची कादंबरी असणारच. ३१ जानेवारीपर्यंत पूर्ण पाठवा, यंदाच्या यादीत घेण्याचा विचार करू. उशीर झाल्यास पुढे सांगता येणार नाही.’

मुश्ताकभाईंनी तो मेल सात वेळा वाचला आणि आठव्यांदा वाचायच्या आधीच ब्लॉगवर जाहीर करून टाकलं. मग त्यांनी प्रकरणं मोजली. सोळा झाली होती, आणि गाडी सतराव्यावर आठ महिने उभी होती. शेवटी ड्रायव्हरनं एक निर्णय घ्यायचा होता. पुरानं रस्ता खचलाय, गाडीत एक अडलेली बाळंतीण आहे, गाडी पुढे काढायची की नाही? आणि ड्रायव्हरनं विचार करायला तोंड उघडलं की मागच्या सीटवरून अदीबा खाला उत्तर देऊन मोकळी. आठ महिने असं चाललं होतं. जगाला सल्ले देणारा माणूस स्वतःच्या सतराव्या प्रकरणात अडकलाय, हे उघडं पडलं तर ऊर्जानगरात तोंड दाखवायला जागा नव्हती. मुश्ताकभाईंनी परमिटाचा फॉर्म भरला आणि स्वयंपाकघरात गेले. त्यांच्या घरात बोली म्हणजे हिंदी, उर्दू आणि मराठीची खिचडी. महत्त्वाचं बोलणं मात्र मराठीत, कारण शेजाऱ्यांनाही कळलं पाहिजे.

“आफ्रीनची अम्मी, इथी एक सही पाह्यजे.”

सुलताना मेथी निवडत होती. “कोन मेलं?”

“मरायची हाय अजून. अदीबा खाला.”

मेथीची काडी हातातच राहिली. “काऊन?”

“कथेची गरज हाय.”

“गरज कथेची, आन मरन तिचं? तिनं केलं काय?”

“तेच तं! सारं तीच करून राह्यली. टायर फुटला, तं जॅक तिनं लावला. पोरीचं लग्न मोडत होतं, तं तिनं जोडलं. नवव्या प्रकरनात तिनं कादंबरीच संपवत आनली होती, मी कशीतरी वाचवली. ती हाय तवरीक ड्रायव्हर काई करूच शकत नाई.”

“मंग ड्रायव्हरले मारा.”

“अवं, थो नायक हाय!”

“खाला मेल्याबिगर उभा होत नाई, थो कायचा नायक?”

सुलतानानं पेन्सिल घेतली आणि शेऱ्याच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिलं, ‘कारण अपुरे. नामंजूर.’ खाली सही, तारीख, वेळ.

दुसऱ्या दिवशी मुश्ताकभाईंनी मरणाचं कारण बदललं. ताप. सुलताना म्हणाली, “चौथ्या प्रकरनात ताप आला तवा काढा पिऊन ती बाजाराले गेली, तुमीच लिवलं.” नामंजूर. तिसऱ्या दिवशी अपघात. “गाडी कोन चालवून राह्यलं? तुमचा नायकच नं? मंग आधी त्याले जेलात धाडा.” नामंजूर. चौथ्या दिवशी मुश्ताकभाईंनी शेवटचं अस्त्र काढलं. वाघ. मोहर्लीच्या रस्त्यावर वाघ काही जुळवून आणावा लागत नाही.

सुलतानानं चष्मा काढून नवऱ्याकडे पाहिलं. “वाघ खाईन तिले?”

मुश्ताकभाईंनी क्षणभर विचार केला. वाघ आणि अदीबा खाला समोरासमोर उभे त्यांच्या डोळ्यांपुढे आले. मग त्यांनी फॉर्म स्वतःच परत घेतला.

आणि मग बावीस वर्षांच्या चोख नोकरीत जे त्यांनी कधी केलं नव्हतं, ते केलं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सुलताना शेजारच्या दुर्गापूरला बाजाराला गेली असताना त्यांनी कॉम्प्युटर लावला आणि विनापरमिट काम काढलं. अदीबा खालाला दीड पानात झोपेतच संपवली. दुखणं नाही, दवा नाही, बोलायला संधी तर नाहीच नाही. पण सवयीचा गुलाम माणूस! पुरावा मिटवायचं सोडून त्यांनी शेजारच्या वहीत नोंद केली, ‘१६.४० – अदीबा खाला मयत. शेरा काही नाही.’

सुलतानानं पिशवी ठेवली, पाणी प्यायली आणि वही पाहिली. ती ओरडली असती तर मुश्ताकभाई सुटले असते. तिनं जेवायला वाढलं, भाजीत मीठही बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी फर्स्ट शिफ्ट करून मुश्ताकभाई घरी आले, तर कॉम्प्युटरच्या बटनावर लाल पुठ्ठा टांगलेला. साडीच्या खोक्याचा कापलेला, वर सुतळी ओवलेली. त्यावर लिहिलं होतं, ‘माणसे काम करीत आहेत, सुरू करू नये. यंत्र: अदीबा खाला. काम करणार: सुलताना शेख. वेळ: ११.२०.’

मुश्ताकभाईंचा हात बटनापर्यंत गेला आणि हवेतच थांबला.

दुसऱ्या कुठल्याही गावात नवऱ्यानं पुठ्ठा काढून फेकला असता, दोन शब्द ऐकले असते, विषय संपला असता. पण हे ऊर्जानगर. मुश्ताकभाई अर्धा तास त्या पुठ्ठ्यासमोर बसले. मग श्रावणभाऊंना बोलावून आणलं. श्रावणभाऊ इलेक्ट्रिकल मेंटेनन्सचे, विजेला न भिणारे. त्यांनी टॅग वाचला, सही पाहिली, वेळ पाहिली, आणि हात पाठीमागे बांधले.

“टॅग हाय ना बावा.”

“पुठ्ठा हाय तो, श्रावणभाऊ. साडीच्या खोक्याचा.”

“मंग काढा नं तुमी.”

मुश्ताकभाईंनी घसा खाकरला. तेवढ्यात बॉयलरचे पत्रूभाऊ आले. त्यांनी तर दारातूनच पाहिलं आणि चप्पल पायातून काढलीच नाही. “ज्यानं लावला थोच काढन. आपल्याले कायले लागते?”

“आत कोनाचा हात थोडीच अडकला हाय!” मुश्ताकभाई कळवळले.

“हे तुमाले कसं माईत?” पत्रूभाऊ म्हणाले, आणि जिना उतरले.

तिळगूळ घेऊन आलेल्या अन्नपूर्णाबाई हे सगळं दाराशी उभ्या राहून पाहत होत्या. “काय वो भाभी, अर्ध्या केंद्राची वीज सांभाळनारे हे तीन वाघ, आन साडीच्या खोक्याले भिऊन राह्यले!”

“भिऊन नाई,” आतून सुलताना म्हणाली, “नियमानं चालून राह्यले. चांगली गोष्ट हाय.”

एक दिवस गेला, चार गेले, आठ गेले. कादंबरी त्याच डब्यात, दुसरीकडे कुठे प्रत नाही. ‘प्रत ठेवा’ हा ब्लॉगवरचा अकरावा लेख होता, पण तो दुसऱ्यांसाठी. वाचक विचारत असतील, सर कुठवर आलं? सर गॅलरीत बसून मोहर्लीच्या गाड्या मोजत होते. विनवण्या करून झाल्या. “फक्त ब्लॉगपुरता उघड,” म्हणून पाहिलं. सुलताना म्हणाली, “यंत्र अर्धं सुरू होते का?”  त्यांनीच तिला नियम शिकवले होते.

या दिवसांत एक गोष्ट त्यांच्या डोळ्यासमोर घडत होती, पण पाहील तो लेखक कसला! रोज दुपारी कुकर लावून सुलताना स्वयंपाकघराच्या पाटावर बसायची, मांडीवर जुन्या लॉगशीटा, हातात त्यांचीच पेन्सिल. तीन शिट्ट्या होईस्तोवर उठायची नाही. मुश्ताकभाईंना वाटलं, आफ्रीनला पत्र लिहीत असेल. इतकं लांब पत्र? माझ्या तक्रारी असतील, म्हटलं, लांब होणारच.

पंचवीस जानेवारीला, शुक्रवारची नमाज पढून मुश्ताकभाई घरी आले, तर टॅग निघालेला. टेबलावर परमिटाचा फॉर्म, सगळे रकाने भरलेले. खाली सुलतानाच्या अक्षरात केंद्रातलं शेवटचं वाक्य, जसंच्या तसं: ‘काम पूर्ण. सर्व माणसे व हत्यारे बाहेर काढली आहेत. यंत्र सुरू करण्यास हरकत नाही.’ आणि फॉर्मखाली लॉगशीटांचा गठ्ठा. बावीस पानं. वर लिहिलेलं, ‘प्रकरण सतरावे.’

मुश्ताकभाई उभ्या उभ्या वाचायला लागले, मग बसले. प्रकरणात अदीबा खाला मरत नव्हती. सकाळी ती स्टँडवर येते, ड्रायव्हरच्या खिडकीपाशी उभी राहते आणि सांगते, मी पंधरा दिवस सावली गावाले बहिणीकडे चालली. ड्रायव्हर घाबरून विचारतो, आन मी? खाला म्हणते, तुले गाडी हाय नं? आणि सावलीच्या गाडीत बसून निघून जाते. मागची सीट रिकामी. तिसऱ्या दिवशी रस्ता खचतो, गाडीत बाळंतीण कण्हते, ड्रायव्हर सवयीनं आरशात मागे पाहतो. मागे कोणी नाही. तो तीनदा आरशात पाहतो. तिथं प्रकरण संपत होतं. शेऱ्याला जागाच नव्हती.

पानं हातात धरून मुश्ताकभाई बाहेर आले तेव्हा सुलताना पलंगावर पिशवी भरत होती.

“हे तू लिवलं?”

“मंग कोन? पत्रूभाऊंनी?”

“आठ महिने मले सुचलं नाई वं हे…”

“तुमाले मारनंच सुचते. बाई निघून बी जाऊ शकते, हे मानसाच्या डोक्यात येत नाई.” तिनं पिशवीची चेन ओढली. “उद्या सकाळच्या गाडीनं मी सावलीले चालली. रेहानाकडे. पंधरा दिवस.”

रेहाना म्हणजे तिची धाकटी बहीण, भातशेतीच्या त्या गावात दिलेली. चोवीस वर्षांच्या संसारात सुलतानाला तिच्याकडे दोन रात्रींच्या वर राहू दिलं नव्हतं. दिलं नव्हतं म्हणजे कोणी अडवलं नव्हतं. मुश्ताकभाई फक्त विचारायचे, ‘आन माहं कसं?’ आताही त्यांनी तोंड उघडलं. मग हातातली पानं पाहिली आणि मिटलं.

पुढचे पाच दिवस बिल्डिंगनं कान लावून ऐकले. कुकरच्या शिट्ट्या तीन व्हायच्या, सहा व्हायच्या, नऊ व्हायच्या. करपल्याचा वास यायचा. अन्नपूर्णाबाईंनी एकदा डब्यात पिठलं नेऊन दिलं, तर मुश्ताकभाई दाढी वाढलेले, कपाळाला पीठ लागलेलं, म्हणाले, “वहिनी, थो ड्रायव्हर गाडी काढते! स्वतः काढते! मी काई केलं नाई!”

“बाळंतीण?” अन्नपूर्णाबाईंनी घाबरून विचारलं. सोळा रविवारांचा चहा प्यायलेली बाई, तिलाही आता काळजी होती.

“पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत.”

३१ जानेवारीला दुपारी कादंबरी नागपूरला गेली. ब्लॉगवर त्या दिवशी चौसष्टावा लेख आला, आजवरचा सगळ्यात आखूड. ‘पात्र अडचणीचं झालं तर मारण्याआधी त्याला बहिणीकडे पाठवून पाहा. हे हत्यार माझं नाही. प्रकरण सतरावे सुलताना शेख यांनी लिहिले आहे, आणि पुस्तक झालं तर तसं त्यात छापलं जाईल.’ नांदेडच्या बाईंनी खाली एवढंच लिहिलं, ‘अभिनंदन. त्यांचं.’

नऊ फेब्रुवारीला मुश्ताकभाई चंद्रपूरच्या स्टँडवर तासभर आधी जाऊन उभे राहिले. सावलीकडून मूलमार्गे येणारी गाडी धुळीनं माखून आली. माणसं उतरली, पोती उतरली, कोंबड्या उतरल्या. कंडक्टरनं घंटी मारली, गाडी डेपोकडे वळायला लागली, आणि आतून पत्र्यावर धाड धाड थापा पडल्या.

“थांब ना बावा! माहे पाय हायेत, चाकं नोहे!”

गाडी थांबली. मुश्ताकभाईंचा हात खिशातल्या पेन्सिलीवर होता, तो तसाच राहिला.  अख्ख्या ऊर्जानगराला वर्षभरापूर्वी दिसलं होतं ते कादंबरीकाराला अखेर चंद्रपूर स्टँडवर, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी दिसलं. जिला मारायच्या परवानगीसाठी ते चार फॉर्म घेऊन गेले होते, ती हातात तांदळाची पिशवी आणि डोक्यावरून घसरलेला पदर घेऊन पायरीवरून उतरत होती.

“मी तुलेच…” ते म्हणाले. “चारदा तुलेच सही मागतली?”

सुलतानानं पिशवी त्यांच्या हातात दिली. नवा तांदूळ होता, जड होता.

“आता दिसलं? धरा. आन घरी काई शिजवलं हाय, का करपवलं?”

मुश्ताकभाईंनी पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली आणि तिच्या मागे मागे ऊर्जानगरच्या गाडीकडे चालू लागले.